गवताळ पाणवाट आणि प्रेअरी पट्टी: दिसायला सारख्या, कामाला उलट

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात मका-सोयाबीनच्या शेतांमधून हिरव्या पट्ट्या गेलेल्या दिसतात. फोटोत सगळ्या सारख्याच वाटतात. पण त्यातल्या काही पाणी वाहून नेण्यासाठी असतात, तर काही पाणी अडवण्यासाठी.

गवताळ पाणवाट उताराच्या दिशेने खाली उतरते. पाणी गोळा होऊन जिथे ओघळ पडतो, तीच जागा रुंद आणि उथळ करून तिथे ब्रोमसारखं दाट गवत लावतात. लोंढा आला की गवत आडवं पडतं, पाणी त्यावरून निघून जातं आणि तळाची माती शाबूत राहते. घळ पडत नाही. पण वरच्या वावरातून सुटलेली माती आणि खत रोखणं हे तिचं मुख्य काम नव्हे.

प्रेअरी म्हणजे तिथलं मूळचं गवताळ रान. प्रेअरी पट्टी उताराला आडवी असते. तिच्यात ब्लूस्टेम, स्विचग्राससारखी तिथली मूळची गवतं आणि अनेक रानफुलं एकत्र पेरतात. त्यांचे दांडे ताठ असतात, मुसळधार पावसातही उभे राहतात. शेतभर पसरून येणारं पाणी त्यांच्यात अडखळतं, गाळ वरच्या कडेला बसतो आणि पाणी जमिनीत मुरतं. फॉस्फरस बहुतांशी मातीच्या कणांना चिकटून जात असल्याने तोही तिथेच थांबतो. आयोवाची बहुतेक जमीन एकेकाळी अशाच गवताळ रानाखाली होती. आता त्यातला ०.१ टक्काही उरलेला नाही.

तिथल्या नील स्मिथ अभयारण्यात २००७ पासून चाललेल्या प्रयोगाचा निकाल मला विलक्षण वाटतो. शेताचा फक्त १० टक्के भाग प्रेअरीला दिला, तर वाहून जाणारी माती सुमारे ९५ टक्क्यांनी घटली. दहातला एक वाटा सोडून एवढं मिळत असेल, तर तो वाटा पडीक म्हणायचा कसा? अमेरिकेच्या २०१८ च्या शेती कायद्यानंतर सरकारी योजनेतून अशा पट्ट्यांना मोबदलाही मिळू लागला.

मर्यादा आहेत. आयोवात जमिनीखाली निचऱ्याचे पाइप टाकलेले असतात. त्यांतून जाणारं नायट्रेट वरच्या पट्टीला टाळून थेट ओढ्यात पोचतं. शिवाय लोंढा एका जागी एकवटला, तर पट्टी त्याला पुरी पडत नाही. तिथे पाणवाटच हवी. म्हणून पुष्कळ शेतांना दोन्ही लागतात.

सोयाबीन मराठवाडा-विदर्भातही आहे. भारी काळ्या जमिनीत उन्हाळ्यात भेगा पडतात, मातीचे बांध तिथे चिरतात आणि पावसात फुटतात. अशा ठिकाणी आडव्या पट्टीसाठी आयोवाचं बियाणं आणायची गरज नाही. आपल्याकडे मारवेल आहे, वाळा आहे. लावण्याआधी जोराच्या पावसात शेतात उभं राहून पाणी कुठे पसरतं आणि कुठे एकवटतं ते पाहावं, आणि त्या जागांवर खुंट्या ठोकून ठेवाव्यात.