बंदी घड्याळावर की पेटीवर?

कर्नाटकात लॉटरी २००७ साली बंद झाली, महाराष्ट्रात ती सरकारच चालवतं. त्यामुळे कायद्याची हद्द कुठं संपते, हे आम्हा बेळगावकरांना कुणी शिकवायला नको. सीमेपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या शिनोळीपर्यंत गाडी काढली की झालं. ऑक्टोबर २०२१ मध्ये कर्नाटकानं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आणली. कंपन्या फोनचं लोकेशन बघून खेळ अडवू लागल्या, म्हणजे पुन्हा शिनोळीच! १४ फेब्रुवारी २०२२ ला उच्च न्यायालयानं त्या कायद्यातली मुख्य कलमं रद्द केली. २०२५ मध्ये संसदेनं असे खेळ देशभर बंद केले, तेव्हा निदान हा एक सीमाप्रश्न मिटला.

पण आईवडिलांची तक्रार बहुतेक वेळा वेगळीच असते. पोरगं रात्री दोनपर्यंत फ्री फायर खेळत बसतं. मग सरकारनं तासच बांधून द्यावेत का?

दक्षिण कोरियानं २०११ मध्ये सोळा वर्षांखालच्या मुलांसाठी रात्री १२ ते सकाळी ६ ऑनलाइन गेम बंद केले. मोबाईलवरचे गेम त्यातून सुटले, आणि पुढं सगळा खेळ मोबाईलवरच आला. २०२२ उजाडताना कायदा गुंडाळला गेला. चीननं २०१९ मध्ये अल्पवयीनांना रोज दीड तास, सुट्टीला तीन तास अशी मर्यादा घातली. २०२१ मध्ये शुक्रवार ते रविवार आणि सणासुदीला रात्री ८ ते ९, एवढंच उरलं. २०१९ च्या नियमाआधीच्या आणि नंतरच्या अब्जावधी तासांच्या नोंदी संशोधकांनी तपासल्या. लहानथोर सगळ्यांच्या मिळून असलेल्या त्या नोंदींत अतिखेळ घटल्याचा पुरावा सापडला नाही, असं २०२३ साली प्रसिद्ध झालं.

मला वाटतं, बंदी चुकीच्या जागी बसते. बक्षीस मिळालं की मेंदूत डोपामिन नावाचं रसायन वाढतं, एवढंच आपण ऐकलेलं असतं. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या माकडांवरच्या प्रयोगांत गंमत दिसली: अपेक्षेपेक्षा जास्त मिळालं की डोपामिनच्या पेशी उसळतात, ठरलेलं मिळालं की त्यांना काही पडलेली नसते, हुकलं की त्या मंदावतात. मानसशास्त्रज्ञ स्किनरच्या कबुतरांचंही तसंच. दाणा कितव्या टोचीला पडेल याचा नेम नसला की ती टोचतच राहायची. गेम बनवणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक आहे. पैसे देऊन घेतलेले डायमंड (गेममधलं चलन) खर्चून स्पिन, म्हणजे नशिबाचं चक्र, फिरवायचा, बंदुकीची भारी स्किन (सजावट) कधी लागेल ते देव जाणे. लॉटरीचं तिकीट आणखी वेगळं काय असतं?

बेल्जियमनं २०१८ मध्ये पैसे मोजून उघडायच्या अशा नशिबाच्या पेट्या जुगार ठरवल्या. अंमलबजावणी मात्र ढिली: २०२२ मध्ये तिथल्या सर्वाधिक कमाईच्या १०० आयफोन गेमपैकी ८२ मध्ये त्या होत्याच. तरी मुलाचे तास मोजणाऱ्या सरकारपेक्षा कंपनीची पेटी उघडून बघणारं सरकार मला चालेल.

जागतिक आरोग्य संघटनेनंही तासांचा आकडा दिलेला नाही. २०२२ पासून लागू झालेल्या तिच्या आजारांच्या यादीत ‘गेमिंग डिसऑर्डर’ आहे, त्याची लक्षणं अशी: थांबणं हातात न राहणं, बाकी सगळं मागं पडणं, नुकसान दिसत असूनही खेळत राहणं, आणि हे साधारण १२ महिने. मे महिन्याच्या सुट्टीत फोनला चिकटलेलं पोरगं यात बसत नाही. जे बसतं, त्याच्यासाठी बंगळूरच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेत २०१४ पासून ‘शट’ क्लिनिक आहे. तेवढं लांब जाण्याआधी धारवाडची तशीच संस्था डिमहान्स गाठता येते, नाहीतर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर लावता येतो.