छोट्या रुळांवरचा गंज

छोट्या आकाराच्या मॉडेल रेल्वेचे रूळ आणि गाड्या खऱ्या वाटाव्यात म्हणून त्यांना मुद्दाम गंज आणि मळ यांचे रंग दिले जातात; पण सुरुवातीला असे नव्हते. मर्क्लिन या जर्मन कंपनीने १८९१ मध्ये लाइपझिगच्या व्यापारी मेळ्यात ठरावीक मापांचे पत्र्याचे रूळ मांडले, तेव्हा आगगाडी हे खेळणे होते आणि खेळणे चकचकीतच हवे, याबद्दल कोणाचे दुमत नव्हते. पुढे विजेवरच्या गाड्या आल्या, तरी बऱ्याच संचांत मधोमध तिसरा रूळ असे. अशा मार्गाला गंजाचा रंग दिला तरी तो खरा वाटण्याची शक्यता नव्हती. १९३८ मध्ये निघालेली ब्रिटनमधील हॉर्नबी डब्लो ही मालिकासुद्धा तीन रुळांचीच होती आणि तिला दोन रुळांवर यायला १९५९ साल उजाडले.

देखाव्याचा विचार मात्र त्याआधीच सुरू झाला होता. जॉन अहर्न यांनी ‘मॅडर व्हॅली’ हा मांडणीपट (छोट्या रेल्वेचा परिसरासह मांडलेला देखावा) उभारताना गाव आणि रेल्वे एकाच परिसराचे भाग वाटतील याकडे लक्ष दिले. आज तो ऑक्सफर्डशायरमधील पेंडन संग्रहालयात आहे. रॉय इंग्लंड यांनी १९५४ मध्ये स्थापलेल्या या संग्रहालयात १९३०च्या दशकातील खेडी पुठ्ठ्याच्या घरांनी आणि जलरंगांनी उभी केली आहेत.

मुद्दाम मळवण्याच्या कलेला, म्हणजे वेदरिंगला, प्रतिष्ठा मिळाली ती मुख्यतः कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे येथील जॉन अ‍ॅलन (१९१३–१९७३) यांच्यामुळे. ते छायाचित्रकार होते, हे मला योगायोगाचे वाटत नाही. डोळा ज्या चकाकीकडे काणाडोळा करतो, ती कॅमेऱ्याला लपवता येत नाही. काजळी धरलेली इंजिने आणि विटलेल्या लाकडाच्या इमारती यांची त्यांची छायाचित्रे नियतकालिकांतून पसरली. (याच गृहस्थांनी शंटिंगसाठी, म्हणजे डबे हलवण्यासाठी, स्टेगोसॉरस या डायनासोरची एक प्रतिकृतीही ठेवली होती, ही गोष्ट वेगळी.) त्यांच्या निधनानंतर काही दिवसांतच लागलेल्या आगीत त्यांचा मांडणीपट नष्ट झाला.

रुळांच्या बाबतीत अडचण अशी की दोन रुळांच्या पद्धतीत वीज रुळाच्या माथ्यावरूनच चाकात जाते, त्यामुळे तेथे रंगाचा पातळ थर राहिला तरी गाडी अडखळते. म्हणून निकेल सिल्व्हर या तांबे, निकेल आणि जस्ताच्या मिश्रधातूच्या रुळांच्या बाजू तपकिरी रंगवायच्या आणि रंग वाळण्यापूर्वी माथा पुसून घ्यायचा, ही रीत रूढ झाली. खऱ्या मार्गावरही चाकांच्या घर्षणाने माथा उजळ राहतो आणि बाजू गंजतात, हे येथे पथ्यावरच पडले. बिडाच्या ब्रेक-ठोकळ्यांतून झडणारी लोखंडाची भुकटी रुळांखालच्या स्लीपरांवर आणि खडीवर बसून गंजते. स्थानकाजवळ, जेथे गाड्या थांबतात, तेथे हा तांबूसपणा अधिक गडद दाखवावा लागतो.

या कृती घडल्या त्या युरोप-अमेरिकेतील खडीच्या रंगावर. दख्खनच्या पठारावरील मार्गांची खडी काळ्या बेसाल्टची असल्याने घाटातील लोहमार्ग साकारणाऱ्याने पाकिटातील फिकट करडी खडी जशीच्या तशी पसरू नये. आधी तिच्यावर काळसर पातळ रंग द्यावा आणि मगच गंज चढवावा.