जुनी स्पोर्ट्स कार पूर्ण दुरुस्तीला देण्याआधी

मराठवाड्यात अजूनही वाड्याच्या ढेलजेत, पडक्या गढीत किंवा शेतातल्या आखाड्यावर ताडपत्रीखाली एखादी दोन सीटची परदेशी गाडी निघते. आजोबांनी हौसेनं घेतलेली, नंतर कुणीच न चालवलेली. अशी गाडी तुमच्याकडे असेल, तर आमच्या गॅरेजला बोलावण्याआधी हे पत्रक वाचावं. उदाहरणासाठी आम्ही एमजी टीसी ही दोन सीटची इंग्लिश स्पोर्ट्स कार घेतली आहे. १९४५ ते १९४९ या काळात इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात या गाड्या सुमारे १०,००० बनल्या. इंजिन १२५० सीसी, ताकद ५४ हॉर्सपॉवर, चाकं १९ इंची तारांची.

पहिली विनंती: गाडी सुरू करून बघू नका. ढकलस्टार्ट तर नकोच. वर्षानुवर्षं उभ्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला धरून बसतात. जोर लावला की रिंग तुटते, सिलिंडरला ओरखडे पडतात आणि जे इंजिन साध्या होनिंगवर (सिलिंडर आतून हलकं घासण्यावर) निभावलं असतं त्याला रीबोअर (सिलिंडर कातून मोठं करणं) लागतं. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा आणि तसंच राहू द्या. बॅटरीही जोडू नका. या गाडीत बॅटरीचा प्लस चासीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला जोडलेला असतो. आजच्या सवयीनं उलटी जोडली तर वायरिंग आणि डायनामो दोन्ही धोक्यात येतात.

आपल्या कोरड्या हवेचा एक फायदा आहे. कोकणातल्या गाडीचा पत्रा जसा सडतो तसा इथे सहसा सडत नाही. पण टीसीची बॉडी नुसती पत्र्याची नाही. आत अ‍ॅश लाकडाची चौकट असते आणि पत्रा तिच्यावर ठोकलेला असतो. आपला उन्हाळा हे लाकूड सुकवतो, सांधे ढिले होतात आणि वाळवी लागली तर वरून काहीच दिसत नाही. पत्रा चकचकीत, आत भुगा. टीसीच्या दारांच्या बिजागऱ्या मागच्या बाजूला असतात. चौकट हलली की कडी नीट बसत नाही आणि चालत्या गाडीत सुटलेलं दार वाऱ्यानं सताड उघडतं. म्हणून रंगाआधी लाकूड, हा आमचा हट्ट आहे. ‘नुसती लांबी (पुट्टी) भरून रंग मारून द्या’ असं काम आम्ही घेत नाही.

लाकूड कोणतं वापरायचं, हेही विचारलं जातं. साग टिकतो, पण तेलकट असल्यानं सरस नीट धरत नाही. बाभूळ बैलगाडीला उत्तम, इथे वजन फार होतं. शक्य तिथे आम्ही अ‍ॅशच मागवतो आणि जुना शाबूत तुकडा असेल तर तो काढत नाही. जुनी चौकट मोडकी असली तरी फेकू नका. नव्या चौकटीचं माप तिच्यावरूनच निघतं.

बोअरच्या जड पाण्याचे क्षार रेडिएटरमध्ये आणि इंजिनच्या पाण्याच्या वाटांत साचलेले असतात. तेव्हा ब्लॉक, म्हणजे इंजिनचा मुख्य ओतीव भाग, पूर्ण उघडून साफ करावा लागतो. आजच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलसाठी रबरी नळ्या आणि कार्ब्युरेटरची सीलंही बदलतो.

नट-बोल्टबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण नुकसान बहुतेक इथेच होतं. टीसीच्या इंजिनातले आटे (बोल्टच्या चुड्या) मेट्रिक, म्हणजे मिलिमीटरच्या मापाचे आहेत, पण बोल्टच्या डोक्याला व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाचा पाना लागतो. त्यातही ८ मिमीच्या बोल्टची पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १ मिमी आहे. हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळणारा ८ मिमी बोल्ट १.२५ पिचचा असतो. तो दाबून बसवला की ब्लॉकमधला आटा गेला. चासीचे आटे आणखी वेगळे, ब्रिटिश फाइन या बारीक आट्यांच्या इंची मापाचे. न मिळणारे बोल्ट आम्ही वाळूजमध्ये लेथवर करून घेतो. म्हणून गंजका बोल्टसुद्धा भंगारात देऊ नका.

आता कागद. ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी २०२१ पासून केंद्राचे व्हिंटेज नोंदणीचे नियम आहेत. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही. महत्त्वाची अट म्हणजे चासी, बॉडी आणि इंजिन मूळ रूपात हवं. पूर्वी सोय म्हणून अशा गाड्यांत अ‍ॅम्बॅसडरचं नाहीतर डिझेल इंजिन बसवत. तसं झालं असेल तर मूळ इंजिन घरात कुठे पडलंय का, ते आधी शोधा. १९५६ पर्यंत आपला भाग हैदराबाद राज्यात होता, त्यामुळे जुने कागद उर्दूतही असू शकतात. वाचता येत नाहीत म्हणून टाकू नका.

खर्चाचा पक्का आकडा आम्ही फोटोवरून सांगत नाही. आधी गाडी खोलतो, प्रत्येक भागाचा फोटो काढून त्याला चिठ्ठी लावतो आणि तुम्हाला समोर बसवून काय वाचेल, काय नवं लागेल ते दाखवतो. खोलण्याचं बिल वेगळं असतं. पुढचं काम दुसरीकडे द्यायचं ठरलं, तरी फोटो, याद्या आणि सगळे सुटे भाग तुमचेच. गाडी आणताना दोरीनं ओढत आणू नका, जुने ब्रेक धरत नाहीत. सपाट ट्रकवर चढवून, चारही चाकं बांधून आणा.