सीओडी उतरला, पण औषध गेलं का?
(बल्क ड्रग आणि फॉर्म्युलेशन युनिटच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

ईटीपीच्या (कारखान्याच्या सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पाच्या) आउटलेटचं पाणी ग्लासात धरून "बघा, कसं नितळ आहे" असं आम्हाला बरेच जण दाखवतात. पाणी नितळ असतंच, सीओडीही (पाण्यातला माल जाळायला किती ऑक्सिजन लागतो त्याचं माप) मर्यादेत असतो. पण सीओडी सगळा सेंद्रिय माल एकत्र मोजतो, त्यात औषध किती ते सांगत नाही.

एक ग्रॅम सिप्रोफ्लॉक्सॅसिन एक लाख लिटर पाण्यात गेलं, तर लिटरला 10 मायक्रोग्रॅम होतं. सीओडीच्या आकड्यात ते दिसणारही नाही. पण जंतूंमध्ये औषधाला दाद न देण्याची ताकद वाढू नये म्हणून औषध उद्योगाच्याच आघाडीने धरलेली पातळी 0.06 मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे आपण दीडशेपटीच्या वर. हैदराबादजवळच्या पाटणचेरूत तर सामाईक प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात हेच औषध लिटरला 31 मिलिग्रॅमपर्यंत सापडल्याचं 2007 साली प्रसिद्ध झालं. गोळी घेतलेल्या रुग्णाच्या रक्तातही एवढं नसतं.

केंद्र सरकारच्या औषध कारखान्यांच्या सांडपाण्याच्या नियमांच्या जानेवारी 2020च्या मसुद्यात अँटिबायोटिकच्या मर्यादा होत्या, ऑगस्ट 2021च्या अंतिम अधिसूचनेत त्या नाहीत. म्हणून निर्धास्त राहू नका. परदेशी खरेदीदार ऑडिटला आले की हेच विचारतात, आणि सप्टेंबर 2024मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही यावर मार्गदर्शन काढलं आहे.

आमचा पहिला सल्ला मशीन विकण्याचा नाही. मदर लिकर (औषधाचे स्फटिक काढून घेतल्यावर उरलेला द्रव) आणि रिअॅक्टरचं पहिलं धुणं वेगळ्या टाकीत घ्या. औषधाचा मोठा वाटा त्या थोड्याशा पाण्यात असतो. एकदा ते फ्लोअर वॉशिंगमध्ये मिसळलं की दोनशे लिटरचं काम दोन लाखांचं होतं. महिन्याला दोन-चार ड्रमच निघत असतील तर प्लांट कशाला? परवानगी घेऊन सिमेंट भट्टीत पाठवा.

पुढचं औषधावर ठरतं. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन एअरेशन टँकमधले (हवा सोडलेल्या टाकीतले) जिवाणू बऱ्यापैकी खातात. कार्बामाझेपिन जवळपास जसंच्या तसं बाहेर येतं, त्याला ओझोन चांगला लागू पडतो. अमॉक्सिसिलिनसारख्या पेनिसिलिन गटातल्या औषधांना कॉस्टिक टाकून पीएच 11-12वर काही तास ठेवलं की त्यांच्या रेणूतली कडी उघडते आणि औषध निकामी होतं. सिप्रोफ्लॉक्सॅसिन गाळाला चिकटतं, म्हणून आउटलेटला कमी दिसलं तरी फिल्टर प्रेसच्या केकमध्ये (दाबून पाणी काढलेल्या गाळाच्या वडीत) ते असतं. तो केक खत म्हणून कुणाला देऊ नका.

हट्टी मालासाठी फेंटन, म्हणजे लोह आणि पेरॉक्साइडने औषध तोडणं: पीएच 3, हिराकस, मग पेरॉक्साइड हळूहळू. घाई केलीत तर टाकी तापते आणि फेस कठड्यावरून खाली येतो. नंतर चुना टाकून लोखंड बसवायचं. इथे एक गंमत बघा. पेरॉक्साइड उरलं असेल तर सीओडी उलट वाढलेला दिसतो आणि ऑपरेटर आणखी पेरॉक्साइड ओततो. तेच पाणी एअरेशनला गेलं की जिवाणू मरतात. म्हणून पेरॉक्साइड तपासायची पट्टी बुडवून पाहिल्याशिवाय पाणी पुढे सोडायचं नाही. क्लोराइड जास्त असेल तर फेंटन अडखळतं, हे आधीच सांगून ठेवतो. कार्बनचा फिल्टर शेवटीच लावा. सुरुवातीला लावलात तर सॉल्व्हंटच त्याची छिद्रं भरून टाकतं. आरओ (दाबाने पडद्यातून पाणी गाळणं) औषध नष्ट करत नाही, रिजेक्टमध्ये म्हणजे मागे उरलेल्या पाण्यात गोळा करतं, आणि त्या रिजेक्टचं काय करायचं हा प्रश्न उरतोच.

चाचणीसाठी आउटलेटचं पाणी आणू नका. मदर लिकर आणि पहिलं धुणं, प्रत्येकी पाच लिटर, वेगवेगळ्या कॅनमध्ये आणा. वर प्रॉडक्टचं नाव आणि बॅचची तारीख लिहा. जार टेस्ट, म्हणजे छोट्या भांड्यांत प्रक्रिया करून बघणं, तुमच्यासमोर करू.