ॲट न्यूपोर्ट १९६० (मडी वॉटर्स)

ब्लूज या आफ्रिकी-अमेरिकी गानप्रकारातले अमेरिकन गायक व गिटारवादक मडी वॉटर्स यांचा प्रत्यक्ष मैफलीत ध्वनिमुद्रित झालेला अल्बम. रोड आयलंड राज्यातील न्यूपोर्ट जॅझ महोत्सवात ३ जुलै १९६० रोजी, रविवारी दुपारी, ही मैफल झाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस शिकागोच्या चेस रेकॉर्ड्सने तिची तबकडी बाजारात आणली. ब्लूजच्या सुरुवातीच्या लाइव्ह अल्बमांत तिची गणना होते. लांबी अर्ध्या तासाहून थोडीशीच जास्त. मंचावर वॉटर्स आणि पाच साथीदार, एवढाच संच. शिकागोचा विजेरी ब्लूज श्रोत्यांसमोर कसा उभा राहायचा हे एका बैठकीत ऐकायचे असेल, तर हाच अल्बम आधी लावावा.

वॉटर्स तेव्हा पंचेचाळिशी ओलांडलेले, नावारूपाला आलेले कलावंत होते. त्यांचे खरे नाव मॅकिन्ली मॉर्गनफील्ड. मिसिसिपीतील क्लार्क्सडेलजवळच्या स्टोव्हॉल मळ्यावर ते वाढले आणि तिथेच राबले. १९४१ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी लोकसंगीत गोळा करणाऱ्या ॲलन लोमॅक्स आणि जॉन वर्क यांनी त्यांची गाणी तिथे जाऊन मुद्रित केली. १९४३ मध्ये ते शिकागोला आले. दक्षिणेतून आलेल्या काळ्या कामगारांनी गजबजलेल्या मद्यगृहांत नुसत्या लाकडी गिटारचा आवाज पोचेना, म्हणून त्यांनी विजेरी गिटार हाती घेतली. लिओनार्ड आणि फिल चेस या बंधूंच्या कंपनीसाठी १९४८ पासून त्यांनी केलेल्या तबकड्या काळ्या वस्तीत भरपूर खपल्या. १९६० पर्यंत मात्र रॉक अँड रोलमुळे तो खप उतरू लागला होता. गोरा श्रोता तर त्यांना जवळपास ओळखतच नव्हता. १९५८ च्या इंग्लंड दौऱ्यात पियानोवादक ओटिस स्पॅन यांच्यासह ते गेले, तेव्हा तिथल्या काही रसिकांना तो विजेरी कल्लोळ सोसला नव्हता. बिग बिल ब्रून्झी यांच्यासारखा साध्या गिटारवरचा ग्रामीण ब्लूज त्यांना अपेक्षित होता.

न्यूपोर्टची ती दुपार होते की नाही, अशीच वेळ आली होती. आदल्या रात्री, शनिवारी, महोत्सवाच्या जागेबाहेर, म्हणजे फ्रीबॉडी पार्कबाहेर, तिकीट न मिळालेल्या आणि दारू प्यायलेल्या तरुणांच्या जमावाने दंगल केली. पोलिसांनी अश्रुधूर सोडला, नॅशनल गार्ड या राखीव सैन्यदलाला पाचारण झाले आणि नगर परिषदेने उरलेला महोत्सव रद्द केला. रविवार दुपारचा ब्लूजचा कार्यक्रम तेवढा होऊ द्यायचे ठरले. कवी लँग्स्टन ह्यूज महोत्सवाच्या संचालक मंडळावर होते. या कार्यक्रमाचे निवेदनही त्यांच्याकडेच होते. जॉन ली हूकर, जिमी रशिंग, सॅमी प्राइस यांच्यासारखे कलावंत त्या दिवशी हजर होते. महोत्सव बुडाला असे सगळे धरून चाललेले असताना वॉटर्स मंचावर आले, हे लक्षात ठेवून अल्बम ऐकला की शेवटच्या गाण्याचा अर्थ उलगडतो.

या अल्बमचे श्रेय एकट्या गायकाला देणे मला अपुरे वाटते. पियानोवर ओटिस स्पॅन, गिटारवर पॅट हेअर, माउथ ऑर्गनवर जेम्स कॉटन, बेसवर अँड्र्यू स्टीव्हन्स आणि ड्रमवर फ्रान्सिस क्ले असा हा संच. क्ले जॅझच्या वळणाचे वादक. त्यामुळे ठेका भक्कम असूनही जड होत नाही, मधल्या जागा हलत्या राहतात. हेअर यांची गिटार खरखरीत, चिरकी, आणि मोजून बोलणारी. कॉटन तेव्हा पंचविशीचे. ध्वनिवर्धकाजवळ धरलेला त्यांचा माउथ ऑर्गन कधी गायकाच्या ओळीला उत्तर देतो, कधी तिच्या खालून गुरगुरत राहतो. आणि स्पॅन! उजव्या हाताची बारीक नक्षी ते गायकाचा श्वास संपतो नेमक्या त्याच ठिकाणी घालतात. आवाजावर चढत नाहीत आणि रिकामी जागा वायाही जाऊ देत नाहीत. संच लहान असल्यामुळेच हे ऐकू येते. कोण कुणाला जागा देतो आहे ते दर ओळीला कळते.

पहिली बाजू तशी सावध आहे. ‘आय गॉट माय ब्रँड ऑन यू’ने सुरुवात होते. मग विली डिक्सन यांचे ‘हूची कूची मॅन’ येते: बँड एक तुटक सुरावट वाजवून थांबतो, त्या शांततेत गायक आपली बढाई मारतो, पुन्हा सुरावट, पुन्हा थांबा. १९५४ च्या मूळ तबकडीपासून हे गाणे वॉटर्स यांची ओळख झालेले. पुढचे ‘बेबी, प्लीज डोन्ट गो’ बिग जो विल्यम्स यांच्यामुळे प्रसिद्ध झालेले. ‘सून फर्गॉटन’ हा संथ ब्लूज आहे. ओळीच्या शेवटी स्वर किंचित खाली ओढून सोडण्याची मिसिसिपीची रीत इथे सर्वांत स्पष्ट कानी येते. पुढे ‘टायगर इन युवर टँक’नंतर ब्रून्झी यांचे ‘आय फील सो गुड’ लागते, आणि श्रोते आता मोकळेपणी ओरडू लागलेले ऐकू येतात. ज्यांच्याशी तुलना होऊन वॉटर्स यांना इंग्लंडमध्ये नावे ठेवली गेली, त्यांचेच गाणे पूर्ण विजेरी थाटात न्यूपोर्टला डोक्यावर घेतले गेले.

‘गॉट माय मोजो वर्किंग’ हा अल्बमचा कळस. मोजो म्हणजे जारणमारणाच्या आफ्रिकी-अमेरिकी परंपरेतली, अंगावर बाळगायची मंतरलेली पुरचुंडी. गाण्यातल्या माणसाचा मोजो सगळ्यांवर चालतो, फक्त हव्या त्या बाईवर चालत नाही. प्रेस्टन फॉस्टर यांचे हे गीत ॲन कोल यांनी आधी गायले होते आणि वॉटर्स यांनी १९५६ मध्ये मुद्रित केले होते. न्यूपोर्टला त्याची गती वाढली. गायक ओळ फेकतो आणि मागून साथीदार झील ओढतात. प्रत्येक फेरीला दोघांतले अंतर कमी होत जाते. त्या दिवशीचे चित्रीकरण उपलब्ध आहे. त्यात वॉटर्स गिटारशिवाय मंचभर नाचतात, मध्येच कॉटन यांना धरून त्यांच्याबरोबर गिरकी घेतात. टाळ्या थांबेनात म्हणून तेच गाणे पुन्हा वाजवले गेले आणि अल्बमवर दोन्ही वेळचे ठेवले आहे. दुसऱ्या वेळी सगळे आणखी सुटलेले आहेत. मला तेच जास्त आवडते.

शेवटचे ‘गुडबाय न्यूपोर्ट ब्लूज’ वॉटर्स यांनी गायलेलेच नाही. महोत्सव आता संपला या भावनेने ह्यूज यांनी तिथल्या तिथे, तारेच्या कोऱ्या फॉर्मवर, त्याचे शब्द लिहिले आणि ते स्पॅन यांच्या हाती दिले. वॉटर्स दमलेले होते. स्पॅन यांनी संथ लयीत, जरा घोगऱ्या गळ्याने ते गायले. तालीम अशी झालेली नव्हती. ब्लूजचा ‘बारा बार’चा साचा, म्हणजे बारा तालखंडांचे ठरलेले आवर्तन, सगळ्यांच्या हाडीमांसी असल्यानेच नव्या कोऱ्या शब्दांना संच लगेच साथ करू शकला. ब्लूजमधील साचा कशासाठी असतो हे या गाण्याने जितके कळते तितके व्याख्यांनी कळत नाही. न्यूपोर्टचा महोत्सव पुढे १९६२ मध्ये महोत्सवाचे संस्थापक जॉर्ज वाइन यांच्या नेतृत्वाखाली परतला.

अल्बमच्या वेष्टनावरील छायाचित्रात वॉटर्स यांच्या हातात दिसणारी गिटार त्यांची नव्हे, जॉन ली हूकर यांची आहे. वॉटर्स स्वतः फेंडर टेलिकास्टर ही विजेरी गिटार वाजवत.

विक्रीच्या याद्यांत अल्बम झळकला नाही. परिणाम मात्र दूरवर झाला. वॉटर्स यांच्या १९५० च्या एका गाण्यावरून नाव घेणाऱ्या रोलिंग स्टोन्सच्या पिढीतील ब्रिटिश तरुणांना लहान विजेरी संच कसा बांधायचा याचा वस्तुपाठ यात सापडला. वॉटर्स यांच्यासोबत १९६३ मध्ये ‘फोक सिंगर’ या अल्बमसाठी गिटार वाजवणारे बडी गाय २०११ मध्ये मुंबईत, वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओतील पहिल्या महिंद्रा ब्लूज महोत्सवात, आले होते. या घराण्याचा शिकागोचा सूर मुंबईकरांनी तेव्हा थेट ऐकला.

२००१ च्या सीडी आवृत्तीत जून १९६० मध्ये शिकागोच्या स्टुडिओत केलेली चार मुद्रणे जोडली आहेत. ‘टायगर इन युवर टँक’ त्यात आहे. महिन्याभराच्या अंतराने झालेली ही दोन्ही मुद्रणे लागोपाठ ऐकावीत: स्टुडिओतले नेटके आहे, न्यूपोर्टचे जिवंत.