क्रांती इंग्लंडमध्येच का झाली नाही? एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

१० एप्रिल १८४८. लंडनच्या केनिंग्टन कॉमन या मैदानावर चार्टिस्टांची, म्हणजे कामगारांसाठी राजकीय हक्क मागणाऱ्या चळवळीची, प्रचंड सभा भरली होती. युरोपात त्या वर्षी सिंहासनं डळमळत होती, म्हणून राणी व्हिक्टोरियाला आधीच आयल ऑफ वाइट बेटावर हलवलेलं, थेम्सवरच्या पुलांवर पोलीस. मागण्या सहा. सर्व प्रौढ पुरुषांना मताधिकार, गुप्त मतदान, खासदारांना पगार वगैरे. १८३९ आणि १८४२ मध्ये संसदेने त्या फेटाळल्या होत्या. या वेळी नेता फीअर्गस ओकॉनर याने मोर्चा संसदेवर न नेता लोकांना घरी जायला सांगितलं. मागण्यांच्या अर्जावरच्या सह्यांचे गठ्ठे भाड्याच्या घोडागाड्यांतून संसदेकडे गेले. पाऊस आला, गर्दी पांगली.

पुढच्याच वर्षी मार्क्स लंडनला आला आणि अखेरपर्यंत तिथेच राहिला. जगातला पहिला औद्योगिक कामगारवर्ग जिथे उभा राहिला तिथे क्रांती का नाही, हा प्रश्न तेव्हापासून मार्क्सवाद्यांची पाठ सोडत नाही.

पहिलं उत्तर मार्क्सचा सहकारी एंगल्सचं. १८४५ च्या पुस्तकात मँचेस्टरच्या वस्त्यांचं वर्णन करताना त्याला क्रांती उंबरठ्यावर दिसत होती. ७ ऑक्टोबर १८५८ च्या पत्रात मात्र तो मार्क्सला लिहितो की इंग्रज कामगार दिवसेंदिवस बूर्झ्वा (मालकवर्गाच्या वळणाचा) होत चालला आहे आणि साऱ्या जगाला पिळणाऱ्या राष्ट्रात हे काहीसं स्वाभाविकच आहे. (हे लिहिताना तो स्वतः वडिलांची भागीदारी असलेल्या सूत कंपनीच्या कचेरीत काम करत होता!) साम्राज्याच्या नफ्यातला तुकडा कुशल कामगारांच्या वरच्या थराला मिळतो आणि तो थर चळवळीला मवाळ करतो, ही मांडणी पुढे लेनिनने उचलली. ‘कामगारांमधले उमराव’ हा तो सिद्धान्त. १९५४ मध्ये मार्क्सवादी इतिहासकार एरिक हॉब्सबॉमने वेतनाचे आकडे तपासून त्याला इतिहासाचा पाया देण्याचा प्रयत्न केला.

सिद्धान्त सुटसुटीत आहे, आणि मला त्याची तीच अडचण वाटते. ब्रिटिश सरकारने भारतातल्या कम्युनिस्टांवर भरलेल्या १९२९ च्या मीरत खटल्यात कॉम्रेड डांगे यांच्यासोबत बेन ब्रॅडली हा इंग्रज आरोपी होता. मुंबईच्या कामगारांमध्ये काम केलेला हा माणूस मुळात इंजिनिअरिंग कामगार, म्हणजे सिद्धान्त ज्यांना ‘विकत घेतलेले’ म्हणतो त्यांच्यातलाच. एका माणसावरून सिद्धान्त कोसळत नाही, पण शंका यायला एवढं पुरेसं आहे.

कामगार चळवळीचा इतिहास लिहिण्याचं काम हॉब्सबॉमच्या पिढीपूर्वी बहुतांशी फेबियन, म्हणजे हळूहळू सुधारणांनी समाजवाद आणू पाहणाऱ्या, मंडळींच्या हाती होतं. सिडनी आणि बिअॅट्रिस वेब यांच्या १८९४ च्या ग्रंथात कामगार संघटना आहेत, त्यांचे नियम, निधी, सचिव आहेत, पण संघटनेबाहेरचा माणूस त्यात क्वचितच दिसतो. १९४६ मध्ये ब्रिटिश कम्युनिस्ट पक्षाच्या इतिहासकारांचा गट स्थापन झाला. हॉब्सबॉम, ख्रिस्तोफर हिल, जॉन सॅव्हिल, एडवर्ड आणि डोरोथी थॉम्पसन ही त्यातली नावं. १९५६ मध्ये हंगेरीत रशियन रणगाडे शिरले आणि यातले बरेच जण पक्षाबाहेर पडले. हॉब्सबॉम राहिला.

पक्ष सोडलेला एडवर्ड थॉम्पसन यॉर्कशरमध्ये हॅलिफॅक्सला राहून प्रौढ विद्यार्थ्यांचे वर्ग घेत होता. त्याचं इंग्रज कामगारवर्गाच्या घडणीवरचं पुस्तक १९६३ मध्ये आलं. त्याने जुना प्रश्नच उलटा केला. क्रांती का झाली नाही हे विचारण्याऐवजी १७८० ते १८३२ या काळात लोकांनी स्वतःला वर्ग म्हणून कसं घडवलं, हे तो विचारतो. वाफेच्या इंजिनातून वर्ग आपोआप बाहेर पडला नाही. तो घडला तेव्हा स्वतः त्या घडणीत हजर होता, असं त्याचं म्हणणं. म्हणून त्याच्या पानांवर देशोधडीला लागलेले हातमाग विणकर येतात, यंत्रं फोडणारे ल्यूडाइट येतात, मेथॉडिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या प्रार्थनासभांमध्ये रडणारे लोक येतात. हरलेल्यांना ‘मागासलेले’ म्हणून निकालात काढणाऱ्या पुढच्या पिढ्यांच्या तुच्छतेपासून त्याला त्यांची सुटका करायची होती.

पेरी अँडरसन आणि टॉम नेर्न या तरुण मार्क्सवाद्यांना हे पटेना. इंग्लंडची बूर्झ्वा क्रांतीच, म्हणजे उमरावांची सत्ता घालवणारी भांडवलदारांची क्रांती, अर्धवट राहिली, म्हणून कामगारवर्गालाही स्वतःचा सिद्धान्त सापडला नाही, असं त्यांनी १९६४ पासून मांडलं. थॉम्पसनचं १९६५ चं उत्तर चांगलंच तिखट होतं: तुम्ही फ्रान्सची फूटपट्टी घेऊन इंग्लंड मोजता. थॉम्पसनलाही सवाल झाले. त्याच्या वर्गात बायका कुठे आहेत, हे शीला रोबोथम आणि तिच्यानंतरच्या स्त्रीवादी इतिहासकारांनी विचारलं, आणि रास्तच विचारलं.

१९७८ मध्ये हॉब्सबॉमने एका व्याख्यानात कामगार चळवळीची आगेकूच तीसेक वर्षांपूर्वीच थांबली नाही ना, असा प्रश्न टाकला. पुढच्या वर्षी थॅचर सत्तेवर आली, आणि १९८४-८५ चा खाणकामगारांचा संप जवळपास वर्षभर चालून मोडला.

या पडझडीतच, १९८३ मध्ये, इतिहासकार गॅरेथ स्टेडमन जोन्सने चार्टिस्टांची भाषा पुन्हा वाचली. त्याच्या मते त्यांचा शत्रू गिरणीमालकापेक्षा भ्रष्ट राज्यसत्ता हा होता. त्या सत्तेने १८४६ मध्ये धान्य कायदे (आयात धान्यावरचे कर) रद्द केले, १८४७ मध्ये स्त्रिया व किशोरांसाठी दहा तासांचा दिवस मान्य केला, तेव्हा आरोपातली धारच गेली. म्हणजे केनिंग्टनचं मैदान रिकामं होण्याचं कारण चार्टिस्टांच्या स्वतःच्या शब्दांत होतं. डोरोथी थॉम्पसनला हे अजिबात मान्य नव्हतं: भाषणं आणि जाहीरनामे वाचून चळवळ कळत नाही, त्या सभांना कोण आणि का येत होतं ते पाहा, असा तिचा आग्रह होता.