संशयाला मान होता तेव्हा

मराठीत ‘संशयी’ म्हटलेले कुणालाच आवडत नाही. गीतेच्या चौथ्या अध्यायात ‘संशयात्मा विनश्यति’ आहे आणि त्यावर भाष्य करताना ज्ञानेश्वरांनी संशयासारखे घोर पाप नाही, असे म्हटले. त्यामुळे संशयवादी म्हणजे नास्तिक, ही समजूत आपल्याकडे सहज रुजली. मला ती चुकीची वाटते. नास्तिक ‘देव नाही’ असे ठामपणे सांगतो. संशयवादी विचारतो, ‘हे कशावरून कळले?’ आणि हा प्रश्न तो आस्तिक-नास्तिक दोघांनाही विचारतो.

ऋग्वेदातले नासदीय सूक्त सृष्टीच्या उगमाचा विचार करत शेवटी म्हणते, परम आकाशातल्या अध्यक्षालाच हे ठाऊक असेल, किंवा त्यालाही नसेल. बुद्धाच्या काळातला विचारवंत संजय बेलट्ठिपुत्त परलोक आहे की नाही, यावर होकारही देत नसे, नकारही नाही. बौद्धांनी त्याची टवाळी केली खरी, पण बुद्धाचे पट्टशिष्य सारिपुत्त आणि मोग्गल्लान आधी त्याच्याकडेच होते.

ग्रीसमधला संशयवादी तत्त्वज्ञ पिऱ्हो अलेक्झांडरच्या स्वारीबरोबर भारतापर्यंत आला होता. त्याच्या परंपरेतला सेक्स्टस एम्पिरिकस लिहितो, की देवांबद्दल कोणताही सिद्धान्त न मांडता आम्ही लोकरीतीप्रमाणे त्यांची पूजा करतो. संशय आणि देवपूजा एकाच घरात नांदत होती.

न्यायदर्शनाने, म्हणजे आपल्याकडच्या तर्कशास्त्राने, तर सोळा पदार्थांत (अभ्यासाच्या विषयांत) संशयाला तिसरे स्थान दिले. अंधुक उजेडात दूरवर दिसतो तो खांब की माणूस, हे त्याचे नेहमीचे उदाहरण. न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन म्हणतो, अजिबात माहीत नसलेल्या किंवा निर्णय झालेल्या गोष्टीसाठी न्याय, म्हणजे तर्काने केलेली तपासणी, लागत नाही. तो लागतो संशय असलेल्या गोष्टीसाठी. म्हणजे विचाराची सुरुवातच तिथून.

सगळ्यात पुढे गेला जयराशी भट्ट, साधारण आठव्या-नवव्या शतकातला. त्याला चार्वाकांत, म्हणजे वेद आणि परलोक न मानणाऱ्या जडवाद्यांत, गणतात, पण चार्वाक निदान प्रत्यक्षाला, म्हणजे इंद्रियांना जाणवते त्याला, प्रमाण (ज्ञानाचे खात्रीचे साधन) मानत. जयराशीने ‘तत्त्वोपप्लवसिंह’ या ग्रंथात तेही ठेवले नाही. प्रत्यक्ष, अनुमान, शब्द (विश्वासू माणसाचे किंवा ग्रंथाचे वचन), एकेकाची व्याख्या घेऊन तो ती मोडत जातो. सगळी तत्त्वे अशी उलथल्यावर जगायचे कसे? तो म्हणतो, व्यवहार चालतातच, ‘अविचारितरमणीय’, फार खोल न शिरता गोड वाटणारे. या शब्दावर मी पुन्हा पुन्हा थांबतो. हा ग्रंथ कित्येक शतके जवळजवळ विस्मरणात होता. 1926 मध्ये गुजरातेतल्या पाटणच्या जैन ग्रंथभांडारात त्याची ताडपत्रावरची प्रत मिळाली आणि पंडित सुखलाल संघवी व रसिकलाल परीख यांनी संपादित केलेला ग्रंथ 1940 मध्ये बडोद्याहून छापला गेला. वेद न मानणाऱ्या, पण स्वतःची श्रद्धा पक्की असणाऱ्या जैनांनी तो जपून ठेवला होता.